भाड्याच्या घरातील शिसे, रेडॉन आणि जमिनीतील रसायने : तपासणी मागण्याचा भाडेकरूचा हक्क (अमेरिका, विशेषतः न्यू जर्सी)

ओसरी

नमस्कार मंडळी.

मध्य न्यू जर्सीतील एका जुन्या, दोन कुटुंबांच्या लाकडी घराच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. घर १९२० च्या दशकात बांधलेले असून मालक वरच्या मजल्यावर राहतात. आमची मुलगी सव्वा वर्षाची आहे. पहिल्या वाढदिवसानंतर इथे मुलांची जी नेहमीची रक्ततपासणी होते तिच्यात बोटातून घेतलेल्या रक्तात शिशाचे प्रमाण जास्त दिसले, आणि शिरेतून पुन्हा रक्त घेतल्यावर ते डेसिलिटरला ६ मायक्रोग्रॅम असल्याचे नक्की झाले. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न घराच्या वयाचा विचारला.

आमच्या खिडक्या वरखाली सरकणाऱ्या, जुन्या लाकडी आहेत. खिडकी उघडली की खाचेतून पांढरी भुकटी खालच्या पट्टीवर पडते, आणि मुलगी नेमकी तिथेच उभी राहून बाहेर बघते. मालकांना आम्ही शिशाची तपासणी करून देण्याची विनंती केली. त्यांचे म्हणणे असे की भिंतींवर कुठेही पोपडे नाहीत, तपासणी करणे त्यांच्यावर बंधनकारक नाही, आणि करार करताना त्यांनी आम्हाला शिशाविषयीची पुस्तिका दिली होती व आम्ही त्यावर सही केली होती. सही आम्ही केली होती हे खरे आहे.

तपासणी मागण्याचा हक्क भाडेकरूला खरोखर आहे का, आम्ही स्वतः तपासणी केली तर चालेल का, आणि अहवाल वाईट आला तर पुढे काय, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे. तळघराची खोली आम्ही अभ्यासिका म्हणून वापरतो, त्यामुळे रेडॉन या जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूविषयीही कुणाला माहिती असल्यास सांगावी.

रॅरिटन

ओसरीताई, मुलीचा आकडा घाबरून जावे असा नाही, पण दुर्लक्ष करावे असाही नाही. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भपातळी ५ वरून ३.५ वर आणली, त्यामुळे ६ ही निश्चितच दखल घेण्याजोगी पातळी आहे.

हक्काच्या बाबतीत लोकांचा गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यामुळे. मालकाला जे ठाऊक आहे ते आपल्याला सांगितले जाण्याचा हक्क ही एक गोष्ट, मालकाला ठाऊक नाही ते त्याने शोधून काढावे असा आग्रह धरण्याचा हक्क ही दुसरी, आणि दोष सापडल्यावर तो दूर करून घेण्याचा हक्क ही तिसरी. अमेरिकी संघराज्याचा कायदा भाडेकरूला यांतला फक्त पहिला हक्क देतो. १९९२ च्या शिसे-रंगविषयक कायद्यानुसार १९७८ पूर्वीच्या घराच्या मालकाने करार करण्याआधी ठरलेली पुस्तिका द्यायची, शिशाविषयी त्याच्याकडे असलेले सगळे अहवाल दाखवायचे आणि एका नमुन्यावर सही घ्यायची, असा नियम १९९६ पासून लागू आहे. त्या नमुन्यात ‘मला शिशाची माहिती आहे’ आणि ‘मला माहिती नाही’ अशा दोन चौकटी असतात. शंभर वर्षांच्या घराचा मालकही दुसऱ्या चौकटीत खूण करतो आणि कायद्याच्या दृष्टीने ते चालते, कारण त्याने कधी तपासलेच नसते. गंमत अशी की तेच घर कोणी विकत घेणार असेल तर त्याला तपासणीसाठी १० दिवसांची मुदत द्यावी लागते. भाडेकरूसाठी अशी मुदत त्या कायद्यात नाही. तुमचे मालक हे वाचून बोलत असावेत.

मात्र न्यू जर्सी तिथे थांबलेले नाही. २०२१ मध्ये मंजूर झालेला आणि २२ जुलै २०२२ पासून लागू असलेला राज्याचा कायदा भाड्याच्या घरांची तपासणी सक्तीची करतो. १९७८ पूर्वीच्या एककुटुंबी, द्विकुटुंबी आणि अनेक कुटुंबांच्या भाड्याच्या घरांची पहिली तपासणी भाडेकरू बदलताना किंवा २२ जुलै २०२४ पर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, व्हायला हवी होती. ती नगरपालिकेने करायची किंवा मालकाने प्रमाणित कंत्राटदाराकडून करून घ्यायची. त्यानंतर ती दर तीन वर्षांनी किंवा भाडेकरू बदलताना होते, आणि आधीचे प्रमाणपत्र वैध असेल तर भाडेकरू बदलला म्हणून ती पुन्हा करावी लागत नाही. तपासणीत घर उतरले की ‘लेड-सेफ’ (शिशापासून सुरक्षित) प्रमाणपत्र मिळते, ते दोन वर्षे वैध असते, आणि त्याची प्रत भाडेकराराला जोडायची असते. काही घरांना सूट आहे, उदाहरणार्थ शिसेमुक्त असल्याचा दाखला असलेली घरे किंवा वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काळ दिली जाणारी हंगामी घरे, पण तुमचे घर त्यांत बसत नाही. मालक वर राहतात म्हणूनही तळमजल्याची सुटका होत नाही.

तेव्हा सगळ्यात आधी करारामागे ते प्रमाणपत्र जोडलेले आहे का ते पाहा. नसेल तर नगरपालिकेकडे त्या पत्त्याची नोंद लेखी मागा. ही सार्वजनिक नोंद असते आणि ती मागण्यासाठी तक्रार नोंदवावी लागत नाही.

एक मर्यादा लक्षात असू द्या. ज्या गावात सहा वर्षांखालील तपासलेल्या मुलांपैकी ३ टक्के किंवा जास्त मुलांच्या रक्तात ५ किंवा त्याहून अधिक शिसे आढळले आहे, तिथे तपासनीस धूळ पुसून तिचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतो. बाकीच्या गावांत नुसती नजरेने पाहणी होते. नजरेच्या पाहणीत पोपडे दिसतात, पण तुम्ही वर्णन केलेली खाचेतली बारीक भुकटी निसटू शकते, आणि सव्वा वर्षाच्या मुलाच्या तोंडात जाते ती बहुतेक वेळा हीच भुकटी. खिडकी हा घर्षणाचा भाग आहे. वरचा थर काल दिलेल्या नव्या रंगाचा असला तरी खालचे थर प्रत्येक उघडझापेला घासले जातात.

चिंचगूळ

रॅरिटन यांनी घराची बाजू मांडली आहे, मी स्वयंपाकघराची मांडते, कारण आमच्याकडे सगळे गाडे तिथेच अडले होते.

मुलाच्या रक्तात शिसे जास्त आले की स्थानिक आरोग्य खात्याची परिचारिका घरी येते. ती खिडक्यांइतक्याच बारकाईने मसाल्यांचे डबे, देवघर आणि औषधांचे कपाट पाहते. आपल्याकडची सुटी हळद, गावाहून आणलेला मसाला, सिंदूर, डोळ्यांत घालायचे काजळ, काही रसौषधी आणि कल्हई उडालेली भांडी या सगळ्यांची ती नोंद घेते. यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. हळदीला झळझळीत पिवळा रंग यावा म्हणून तिच्यात शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे प्रकार भारतीय उपखंडात उघड झाले आहेत, सिंदुरात शिसे आढळल्याचे इशारे अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) दिले आहेत, आणि न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याला परदेशातून आणलेल्या मसाल्यांत मोठ्या प्रमाणात शिसे सापडले आहे.

अडचण अशी की घरमालकाला हे कळले की तो लगेच ‘तुमची हळद बघा’ म्हणतो. आमच्या मालकांनी तसेच केले होते, आणि त्या वादात खिडक्यांचा विषय बाजूला पडला. म्हणून माझा आग्रह असा आहे की हळद, कुंकू, सिंदूर, मुलीला देत असलेली गुटी, जे काही असेल ते परिचारिकेला स्वतःहून दाखवा आणि तपासून घ्या. नमुना स्वच्छ निघाला तर मालकाचा तो मुद्दा तिथेच संपतो. नमुन्यात शिसे निघाले तर डबा त्याच दिवशी घराबाहेर काढा, आणि तरीही धुळीची तपासणी सोडू नका, कारण एका घरात दोन स्रोत असू शकतात.

ओसरी

दोघांचेही मनापासून आभार. करारामागे असे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. नगरपालिकेला लेखी विचारल्यावर या पत्त्यावर तपासणीची नोंद नसल्याचे उत्तर आले आहे. हळद आम्ही इथल्या दुकानातली पाकीटबंद वापरतो, सिंदूर घरात नाही, पण आईने दिलेले कुंकू आणि बाळगुटीची मात्रा तपासणीसाठी बाजूला काढून ठेवली आहे.

आता प्रश्न असा की मालक वरच राहतात, रोज जिन्यात भेटतात, आणि आमचा करार आणखी सात महिन्यांनी संपतो. तक्रार केली तर ते करार वाढवणार नाहीत अशी यजमानांना काळजी वाटते. आम्ही एच-१बी व्हिसावर आहोत. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध येतो का?

कोकणकडा

व्हिसाचा संबंध येत नाही. घराच्या तपासणीची मागणी नोंदवताना कोणी तुमचा व्हिसा विचारत नाही आणि त्याची नोंद तुमच्या इमिग्रेशनच्या कागदांत जात नाही. मालक वर राहण्याचा संबंध मात्र येतो, आणि तो गंभीरपणे समजून घ्यायला हवा.

न्यू जर्सीतील भाडेकरू एरवी चांगल्या संरक्षणात असतो. १९७४ च्या कायद्यामुळे मालकाला ठरावीक सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. करार संपला हे तसे कारण नव्हे. भाडेकरूने सरकारी यंत्रणेकडे तक्रार केली म्हणून सूड उगवण्यास मनाई करणारा वेगळा कायदाही आहे. पण मालक स्वतः राहत असलेल्या आणि दोनपेक्षा जास्त भाड्याची घरे नसलेल्या इमारतीला या दोन्ही कायद्यांतून वगळले आहे. मुले असलेल्या कुटुंबाला घर नाकारण्यावर संघराज्याच्या गृहन्याय कायद्याने १९८८ पासून बंदी आहे, आणि शिशाचा धोका आहे या सबबीवरही मूल असलेल्या भाडेकरूला परत पाठवता येत नाही, परंतु मालक राहत असलेल्या छोट्या घरांना त्या कायद्यातही सूट आहे. म्हणजे यजमानांची काळजी रास्त आहे. पुढचे सात महिने करार तुमचे रक्षण करतो, त्यानंतर जवळजवळ काहीच करत नाही.

म्हणून वाट अशी निवडावी की तुम्हाला तक्रारदार व्हावेच लागू नये. ती वाट तुमच्या बाबतीत उपलब्ध आहे. मुलांच्या रक्तातील शिशाचा निकाल प्रयोगशाळा थेट राज्याच्या आरोग्य खात्याला कळवते. न्यू जर्सीने २०१७ मध्ये कारवाईची पातळी १० वरून ५ वर आणली, आणि तुमच्या मुलीचा शिरेतून घेतलेल्या रक्ताचा निकाल तिच्या वर आहे. त्यामुळे स्थानिक आरोग्य खात्याची घरभेट ही त्यांची स्वतःची जबाबदारी आहे. अद्याप कोणी आले नसेल तर डॉक्टरांच्या कार्यालयातून पाठपुरावा करवून घ्या. तपासनीस घरी येतो तो मुलीच्या आरोग्यासाठी, आणि मालकाला दुरुस्तीचा आदेश येतो तो खात्याकडून. दुसऱ्या बाजूने, प्रमाणपत्राची नोंद नाही हे तुमच्या चौकशीमुळे नगरपालिकेच्या लक्षात आलेच आहे. ती मालकाला नोटीस देऊ शकते. त्यानंतर ३० दिवसांत पूर्तता झाली नाही तर आठवड्याला १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे मालक बहुधा लवकर हलतील.

भाडे थांबवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच, कारण इथे सगळ्यांना तेवढेच ठाऊक असते. १९७० च्या मारिनी निकालाने भाडेकरूला अत्यावश्यक दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करण्याची मुभा दिली, १९७३ च्या बर्झिटो निकालाने घर राहण्यास अयोग्य असल्यास भाडे कमी करून मागता येते असे ठरवले, आणि ही दोन्ही तत्त्वे आजही वापरात आहेत. परंतु न्यायालयात न्यायाधीश आधी विचारतात की थकलेले भाडे कुठे आहे. ती रक्कम वेगळी काढून ठेवलेली नसेल आणि मालकाला आधी लेखी सूचना दिलेली नसेल, तर भाडेकरू बेदखलीच्या दाव्यात हकनाक अडकतो. तुमच्या परिस्थितीत या वाटेला जाऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. स्वतः तपासणी केलीत तरी अहवाल मालकाला लगेच देण्याची घाई करू नका. अहवाल हातात पडला की ‘मला माहिती नाही’ ही चौकट त्यांना कायमची बंद होते, पुढच्या प्रत्येक भाडेकरूला आणि घर विकताना गिऱ्हाईकाला तो दाखवावा लागतो. घराच्या किमतीवर परिणाम करणारा कागद खालच्या भाडेकरूने आणून दिला, असे त्यांना वाटेल. तोच कागद सरकारी खात्याकडून गेलेला बरा.

रॅरिटन

कोकणकडा यांच्याशी बहुतेक मुद्द्यांवर सहमत आहे, शेवटच्या मुद्द्यावर नाही. घरात पुढचे सात महिने लहान मूल राहणार आहे. खात्याची भेट ठरायला वेळ लागला तर तोवर आपल्याला आकडा माहीत असूनही तो मालकापासून दडवून ठेवणे मला पटत नाही. शिवाय पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवलाच, तर मालकाला धोका कोणत्या तारखेला कळवला होता हेच सगळ्यात आधी पाहिले जाते.

स्वतः तपासणी करण्यास मनाई नाही, फक्त घराची मोडतोड होता कामा नये. रंगाचा तुकडा खरवडून पाठवायचा म्हणजे मालकाच्या मालमत्तेला हात लावणे आले. धुळीच्या नमुन्यात तो प्रश्न येत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पुसणी आणि नळ्या मागवता येतात. जमिनीवर एक फूट बाय एक फूट चौकोन चिकटपट्टीने आखायचा, हातमोजे घालून ओल्या पुसणीने तो आधी आडवा, मग पुसणी घडी करून उभा पुसायचा, आणि पुसणी नळीत बंद करायची. खिडकीच्या पट्टीची लांबी-रुंदी मोजून लिहायची, कारण निकाल दर चौरस फुटाला मायक्रोग्रॅममध्ये येतो. नमुना घेण्यापूर्वी घर पुसून काढू नका, पाहुणे येणार असल्यासारखी झाडलोट केली तर आकडा खोटाच कमी येतो. संघराज्याच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, २०२४ च्या ऑक्टोबरात नियम कडक केले आहेत. प्रयोगशाळेला मोजता येईल इतके कोणतेही शिसे आता धोका मानले जाते, आणि शिसे-निर्मूलनाच्या कामानंतर जमिनीवर ५, खिडकीच्या पट्टीवर ४० आणि खाचेत १०० च्या खाली आकडा यावा लागतो. आधी हे आकडे १०, १०० आणि ४०० होते. जुन्या लेखांत तेच वाचायला मिळतील, त्यांवर विसंबू नये.

नळाच्या पाण्याचाही एक नमुना घ्या. न्यूअर्कने शिशाच्या सुमारे २३,००० जोडनळ्या बदलल्या, आणि राज्याच्या २०२१ च्या कायद्याने पाणीपुरवठा करणाऱ्यांना सगळ्या जोडनळ्या दहा वर्षांत बदलायला सांगितले आहे. तुमच्या पत्त्याची जोडनळी कशाची आहे, हे पाणी कंपनी सांगते.

बुरशीच्या तपासणीवर मात्र पैसे घालवू नका. बुरशीसाठी संघराज्याने कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही, त्यामुळे तुमच्या अहवालातील आकड्याची तुलना करायला समोर काहीच नसते. दिसणारी बुरशी आणि गळती यांची छायाचित्रे तारखेसह ठेवली की पुरते.

शिकागोकर

रेडॉनविषयी लिहितो, कारण आमच्या इलिनॉयमध्ये भाडेकरूला मिळालेला हक्क मला इतर बहुतेक ठिकाणांपेक्षा सरळ वाटतो.

१ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यातील दुरुस्तीनुसार मालकाने करारापूर्वी रेडॉनची पुस्तिका आणि आधीच्या तपासण्यांचे अहवाल द्यायचे असतात, आणि भाडे सुरू झाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरू स्वतः तपासणी करू शकतो. आकडा ठरलेल्या पातळीच्या वर आला तर निकाल मिळाल्यापासून १० दिवसांत मालकाला तो द्यायचा. मालक ३० दिवसांत स्वतःच्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घेऊ शकतो. धोका खरा ठरला आणि मालकाने तो दूर करायचे नाकारले तर भाडेकरूला करार मोडून बाहेर पडता येते. तिसऱ्या मजल्यावरच्या आणि त्यावरच्या घरांना हे लागू नाही. मालकाला दुरुस्तीची सक्ती यातही नाही, हे खरे. तरीही अडकून पडलेल्या माणसाला दार उघडे मिळते, आणि तेवढ्याने पुष्कळ मालक रेडॉन बाहेर खेचणारा पंखा बसवून देतात. मेन राज्यात याच्या पुढे जाऊन भाड्याच्या घरांची रेडॉन-तपासणी मालकावरच टाकली आहे.

न्यू जर्सीत सर्वसाधारण भाड्याच्या घरासाठी अशी सक्ती नाही. पण तुमचे राज्य त्याच खडकाच्या पट्ट्यावर बसले आहे जिथे ही सगळी चर्चा सुरू झाली. १९८४ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू असताना स्टॅनली वॉट्रास नावाच्या अभियंत्याच्या येण्याने किरणोत्साराचा भोंगा वाजू लागला, आणि शोध घेतल्यावर किरणोत्सार केंद्रातून नव्हे तर त्याच्या घरातल्या हवेतून आलेला निघाला. न्यू जर्सीने गावांची तीन स्तरांत विभागणी केली आहे. हंटरडन, सॉमरसेट आणि मॉरिस परगण्यांतील बरीच गावे सर्वाधिक धोक्याच्या पहिल्या स्तरात येतात.

तपासणीचा डबा स्वस्त असतो. तळघर अभ्यासिका म्हणून वापरता, तर डबा तिथेच ठेवा, जमिनीपासून किमान २० इंच वर, खिडकी आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. सुरू करण्याआधी १२ तास आणि चाचणीचे किमान ४८ तास दारे-खिडक्या बंद हव्यात. आकडा लिटरला ४ पिकोक्युरी (किरणोत्साराचे एकक) किंवा जास्त आला तर उपाय करावा असे ईपीए सांगते. तोवर अभ्यासिका वर हलवणे तुमच्या हातात आहे, त्यासाठी मालकाला विचारावे लागत नाही.

गोदाकाठ

घराच्या आतल्या गोष्टींवर चर्चा झाली, जमिनीखालच्या गोष्टींवरही थोडे व्हावे. आम्ही जर्सी सिटीत राहतो. जर्नल स्क्वेअरच्या आसपास आपली पुष्कळ मंडळी भाड्याने राहतात, आणि हडसन परगण्यात जमीन कशाने भरली आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. इथे तीन कंपन्यांचे क्रोमेटचे (क्रोमियमच्या विषारी संयुगाचे) कारखाने होते, त्यांतला एक गारफील्ड अव्हेन्यूवर होता. त्यांचा टाकाऊ गाळ दशकानुदशके भराव म्हणून घरे, दुकाने आणि मैदानांखाली टाकला गेला. शुद्धीकरण बरेच झाले आहे, पण तळघराच्या भिंतीवर ओलीबरोबर पिवळी-हिरवी स्फटिकांची साय धरलेली दिसली तर ती हाताने खरवडू नये, राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवावे.

दुसरा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. कोरड्या धुलाईच्या दुकानांतली किंवा जुन्या कारखान्यांतली द्रावके भूजलात मुरतात आणि त्यांची वाफ फरशीच्या भेगांतून तळघरात शिरते. न्यूयॉर्क राज्यातील एंडिकॉट गावात १९७९ मध्ये आयबीएमच्या कारखान्यात द्रावकाची मोठी गळती झाली होती. तिथे वाफ घरांत शिरत असल्याचे उघड व्हायला पुढची दोन दशके गेली आणि मग शेकडो घरांखाली शोषक पंखे बसवावे लागले. घरमालकांना निकाल मिळत होते, भाडेकरूंना मात्र ते कुणी दाखवत नव्हते. त्यातून न्यूयॉर्कने २००८ मध्ये कायदा केला, आणि आता अशा तपासणीचा निकाल हाती आल्यापासून १५ दिवसांत मालकाने तो भाडेकरूला द्यायचा असतो. रॅरिटन यांच्या वर्गवारीत हाही पहिलाच हक्क झाला, म्हणजे तपासणी झालीच असेल तर कळवण्याचा.

इथे भाडेकरूने स्वतः हवेचा नमुना घेणे खर्चिक आहे आणि सहसा त्याची गरजही नसते, कारण जमीन दूषित करणाऱ्या पक्षावर शोध घेण्याची जबाबदारी आहे. न्यू जर्सीत १४,००० च्या आसपास ज्ञात दूषित जागा आहेत. त्यांचा नकाशा राज्याच्या जिओवेब या संकेतस्थळावर आणि त्यांची कागदपत्रे डेटामायनरवर कोणालाही पाहता येतात. आपल्या पत्त्याजवळ अशी जागा दिसली तर तिच्या नोंदीत परवानाधारक शुद्धीकरण-तज्ज्ञाचे नाव सापडते, आणि ‘आमची इमारत वाफेच्या तपासणीच्या कक्षेत येते का’ असे त्याला लेखी विचारता येते. तपासणी मोफत करून देण्यासाठी कोणी दारात आले आणि मालकाने नकार दिला, अशीही उदाहरणे ऐकली आहेत. तसे झाल्यास खात्यातील प्रकरण-अधिकाऱ्याला भाडेकरूने थेट लिहावे.

कारखान्याचे घर झालेल्या इमारतीत राहायला जाणाऱ्यांनी तर करारापूर्वीच हा नकाशा पाहावा. होबोकेनमध्ये पाऱ्याचे दिवे बनवणाऱ्या जुन्या कारखान्यात कलावंतांनी घरे केली होती. फरशीतून पाऱ्याचे थेंब वर येऊ लागले आणि १९९६ मध्ये सगळ्यांना बाहेर काढावे लागले.

पर्वतीपायथा

पुण्यातून वाचतो आहे. आपल्याकडे असे काही आहे का?

कोकणकडा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी कलम १४ ने मालकावर टाकली आहे आणि पाणी-विजेसारख्या आवश्यक सेवा तोडण्यास कलम २९ ने बंदी आहे. शिसे वा रेडॉन तपासून देण्याचे त्यात काही नाही. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारे केंद्राचे नियम २०१७ पासून लागू झाले, म्हणजे त्याआधी रंगवलेल्या भिंती आणि खिडक्यांत शिसे असू शकते. तुमच्या घरी लहान मूल असेल तर तुम्हालाही आधी त्याचे रक्तच तपासून घ्यावे लागेल.

ओसरी

आरोग्य खात्याच्या परिचारिकेची वेळ मिळाली आहे. नगरपालिकेचे पत्र मालकांना गेले असावे, कारण काल ते स्वतः खाली आले आणि त्यांच्या ओळखीचा एक माणूस शनिवारी येऊन सगळ्या खिडक्या घासून नवा रंग देईल, म्हणजे विषय मिटेल, असे म्हणाले. त्यांचा सूर चांगला होता, त्यामुळे लगेच नाही म्हणवले नाही.

रॅरिटन

हे शनिवारच्या आत थांबवा. जुना शिशाचा रंग कोरडा घासला तर आज खाचेत असलेली भुकटी घरभर होईल, आणि तपासणीआधी असे काम झाल्यामुळे मुलांच्या रक्तातले शिसे वाढल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

नकार देताना कायद्याचा आधार घ्या, म्हणजे संबंध बिघडणार नाहीत. १९७८ पूर्वीच्या भाड्याच्या घरात एका खोलीत ६ चौरस फुटांहून अधिक रंगवलेला भाग उकरायचा असेल, किंवा खिडकी बदलायची असेल, तर ईपीएचे प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच ते काम करायचे, असा नियम २०१० पासून आहे. मालकाने स्वतःच्या हाताने काम केले तरी तो भाडे घेतो म्हणून त्यालाही नियम लागू होतो. त्यांना इतकेच लिहा की नगरपालिकेची तपासणी आधी होऊ द्यावी, काय करायचे ते तपासनिसाच्या अहवालावरून ठरवावे, काम प्रमाणित माणसाकडून करून घ्यावे, कामाच्या दिवसांत तुम्ही मुलीला घेऊन दुसरीकडे राहाल, आणि परत येण्याआधी धुळीचे नमुने पुन्हा घेतले जावेत. ईमेलने लिहा, जिन्यात बोलू नका.

तोवर खिडक्यांची खालची तावदाने बंदच ठेवा आणि हवेसाठी वरची तावदाने थोडी खाली ओढा. पट्ट्या आणि खाचा साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदी रुमालांनी पुसा आणि रुमाल पिशवीत बांधून टाकून द्या, झाडू किंवा साधा व्हॅक्यूम तिथे लावू नका. मुलीचा पाळणा आणि खेळण्यांची चटई त्या भिंतीपासून लांब हलवा. परिचारिका येईल त्याच दिवशी मुलीच्या पुढच्या रक्ततपासणीची तारीख तिच्याकडून लिहून घ्या.